बाटलीच्या गळ्यातला नाडा

जयाआक्का माहेरी आल्या की घरातल्या वस्तूंना पाय फुटत. केरसुणी दारामागून जिन्याखाली जाई, तांब्या ओट्यावरून कोनाड्यात जाई, आणि आक्का निपाणीला परत गेल्यावरही सांडशी शोधण्यात घराचे दिवस जात. एरवी वासंती हसून सोडून देत असे. या खेपेला मात्र नणंदेचा हात कुठल्याही वस्तूकडे गेला की ती हातातलं काम टाकून मागोमाग जात होती.

"आक्का, ते स्टूल ऱ्हाऊ दे तिथंच."

"मधी येतंय की गं! पाव्हणं यायची येळ झाली. कोण अडखळलं म्हंजे?"

"आपल्यातलं कोण अडखळत न्हाय. सवय हाय."

"सवय म्हणं," असं म्हणत आक्कांनी स्टूल दुकानाच्या दाराशी सरकवलं आणि त्या पाटाभोवती रांगोळी घालायला बसल्या. त्यांची पाठ वळल्याबरोबर वासंतीने ते उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवलं. माजघरातून दुकानात जाताना शरदचा डावा हात त्या स्टुलाला लागायचा. स्टूल लागलं की पुढे उंबरा, हे त्याच्या पायांना ठाऊक होतं, आणि आता त्याचं सगळं चालणं या असल्या खुणांवर होतं.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. जे गेलं ते येणार नाही, उरलंय ते थेंब घालून राखायचं. उरलं होतं तरी काय? समोर माणूस उभा आहे एवढं शरदला कळे, कोण ते आवाजावरून. डॉक्टरांनी आणखी एक विचारलं होतं, वडिलांना होता का? मग मुलांचेही डोळे तपासून घ्या. सासरे भावकूअण्णा शेवटची वर्षं भिंतीला धरून चालत होते. त्याला सगळ्यांनी म्हातारपण म्हटलं होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना शरदने वासंतीचा दंड घट्ट धरला आणि म्हणाला, "ओवीच्या डोक्यावर अक्षता पडूस्तवर कुणाला कळायचं न्हाय. बापाचं, आज्ज्याचं डोळं असलं म्हटल्यावर पोरीला कोण करून घील?" त्या दिवसापासून ती त्याच्या कानाशी कुजबुजत होती. डावीकडं खुर्ची. पुढं पायरी. समोर मामंजींचे दोस्त, नमस्कार करा. बाहेरच्यांना वाटे, या वयात काय ही नवराबायकोची गुलुगुलू.

निशांतलाही सांगितलं नव्हतं. दिवाळीत दुकानावरून झालेल्या भांडणानंतर बापलेक एकमेकांशी कामापुरतंच बोलत. "बंद करा आता हे, पुण्याला चला," असं तो म्हणाला होता, आणि शरदने जेवणाच्या ताटावरून उठून दुकानात जाऊन दिवे लावले होते. निशांतला डोळ्यांचं कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी शटर खाली आलं असतं. शरद दुकानाशिवाय राहिला असता का, याची वासंतीला खात्री नव्हती.

आणि दुकान चालत होतं, हे विशेष. भावकूअण्णा कोर्टासमोर टायपिंग करायचे, वाळलेल्या रिबिनींना घरीच शाई पाजायचे. शरद प्रिंटरची कार्ट्रिजं भरत होता. कार्ट्रिज भरायला डोळे लागतातच कुठं, असं तो म्हणे, आणि ते निम्मं खरं होतं. वरचं लेबल नखाने उचलायचं, भोकात सिरींजची सुई सोडायची, सुई आतल्या स्पंजाला टेकली की हाताला कळतं. मग शाई अगदी सावकाश सोडायची. भरलेलं कार्ट्रिज तळहाताला जड लागतं. उरलेलं निम्मं बाटल्यांचं होतं. काळ्या शाईच्या दोन बाटल्या, एका कंपनीच्या, एका आकाराच्या. एक पक्की, कागदपत्रांची, पाणी सांडलं तरी न हलणारी. दुसरी कच्ची, फोटोंची, दिसायला झकपक पण पाण्याचा थेंब पडला की पसरणारी. लेबलं वाचता येईनात तेव्हा वासंतीने जोतिबाहून आणलेला लाल-पिवळा नाडा पक्क्या बाटलीच्या गळ्यात बांधला. शरदचं बोट नाड्याला लागलं की काम सुरू. आजवर एकदाही चूक झाली नव्हती.

काल संध्याकाळी ती खण आणायला बाजारात गेली आणि परत येईपर्यंत शरदने देवाच्या पत्रिका छापूनही ठेवल्या होत्या. लग्नाच्या बाकीच्या पत्रिका प्रेसमधून येणार असल्या तरी देवाची पत्रिका घरच्या शाईत काढायची, हा भावकूअण्णांचा नेम. जयाआक्कांच्या लग्नात त्यांनी ती स्वतः टाइप केली होती. आक्का ती आठवण काढायची एकही संधी सोडत नसत. वासंतीने पत्रिका उजेडात धरून पाहिल्या. रेघ नाही, ठिपका नाही, अक्षरं कशी काळीभोर. "आता तुमच्याच हातचं ह्या घरात सरळ निघतंय," असं ती म्हणालीसुद्धा. दोघंही खूश होऊन झोपली.

व्याह्यांची जीप अकराच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी थांबली. यल्लाप्पा आणि शालूबाई कोगनोळीहून आले होते. पूजा झाली की देवाची पत्रिका घेऊन तसंच परत फिरायचं, वाटेत कोगनोळीला नवरदेवाला, सौरवला जीपमध्ये घ्यायचं आणि सीमेच्या नाक्यापलीकडे जोतिबाच्या डोंगरावर पत्रिका ठेवून यायचं, असं ठरलं होतं. यल्लाप्पा पटका सारखा करत आत आले. वासंतीने नवऱ्याच्या कानाशी "उजवीकडं, दोघं हायत" म्हटलं आणि शरदने अगदी नेमके उजवीकडे हात जोडले.

"या पाव्हणं! वाटंत ट्राफिक लागलं?"

"हायवेवर असतंय की नेहमीचं. तुमची तब्येत बरी हाय न्हवं? वाळल्यासारखं दिसताय."

"लग्नघर हाय. पोरीचा बाप जाड कसा हुईल?"

सगळे हसले. वासंतीने श्वास सोडला. शालूबाई मात्र फारशी बोलत नव्हती. ती मुळातच कमी बोलणारी. दोन वर्षांमागं तिचा थोरला मुलगा हायवेवरच्या अपघातात गेला, त्यानंतर आणखी मुकी झाली होती. सौरव मोटरसायकल घेऊन बाहेर पडला की ही बाई तो परत येईपर्यंत दारातून हलत नाही, असं ओवीनेच सांगितलं होतं.

पाटावर पत्रिका मांडली. वाटीत पाण्यात कालवलेली हळद, शेजारी कुंकू. ओवी नवी साडी नेसून आईच्या मागे येऊन बसली. निशांत मोबाईल धरून फोटो काढायला उभा राहिला.

"आमच्यात चार कोपऱ्यांना लावत्यात," जयाआक्का म्हणाल्या.

"आमच्याकडं नावाला लावतो," शालूबाई हळूच म्हणाली. "नवऱ्याच्या आईनं नवऱ्याच्या नावाला, आन मग नवरीच्या. देवानं नाव नीट बगावं म्हणून."

"तुमच्या पद्धतीनं होऊ दे की," वासंती म्हणाली. व्याह्यांच्या रीतीला कोण नाही म्हणतं?

शालूबाईने पदर डोक्यावर घेतला, करंगळीशेजारचं बोट हळदीत बुडवलं आणि 'चि. सौरव' या अक्षरांवर मायेने टेकवलं. बोट उचललं तर त्याच्याबरोबर अक्षरंही उचलली गेली. काळं पिवळ्यात उतरलं, हिरवट घाण रंग झाला आणि कागदावर पसरत गेला. वेलांटी गेली, काना गेला. नाव होतं तिथे एक डाग राहिला. शेजारचं 'चि. सौ. कां. ओवी' जसंच्या तसं होतं.

निशांतचा मोबाईल खाली आला. जयाआक्कांचा हात तोंडावर गेला. आणि पाटासमोर मांडी घालून बसलेला शरद हसऱ्या चेहऱ्याने म्हणाला, "झालं न्हवं? आता आरती घ्या की!"

यल्लाप्पांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. वासंतीने नवऱ्याचा गुडघा दाबला. "थांबा," ती पुटपुटली, "नाव पुसलंय." शरदचं हसू तसंच तोंडावर राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

शालूबाई आपल्या बोटाकडे बघत होती. "माझ्या हातानं," ती म्हणाली. "परत माझ्याच हातानं."

"अगं, काय बोलतीस," यल्लाप्पा म्हणाले.

"थोरल्याचं नाव रेशनकार्डावरनं कमी करायला सही कोण केली? मीच केली न्हवं? तुमी तर हापिसाच्या बाहेर बसलासा." तिने हळदीचं बोट वर धरलं. "आता ह्याचंबी नाव माझ्याच बोटाला आलं."

"लक्षण बरं न्हाय खरं," जयाआक्का हलक्या आवाजात म्हणाल्या, पण हलक्या आवाजात बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. "देवाच्या पत्रिकेत असलं कवा झालं न्हाय आमच्या घरात."

"आक्का!" वासंती म्हणाली.

"मी काय खोटं सांगते? कौल लावून घ्यावा देवाला. मग काय ते."

कौल हा शब्द एकदा घरात पडल्यावर तो कोण परत घेणार? यल्लाप्पांनी मान डोलावली. त्यांचा स्वतःचा या गोष्टींवर फार विश्वास होता असं नाही, पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना दुसरं काही सुचेना. "तसंच करू. आज डोंगरावर जातोयच. पत्रिका नको, कौल लावू. उजवा दिला तर पुढची बोलणी." म्हणजे डावा दिला तर लग्न मोडलं. ओवीने आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं. लहानपणी दवाखान्यात सुई घेताना धरायची तसंच.

"कसला कौल?" निशांत पुढे आला. "ही कच्ची शाई आहे, काका. फोटोची. पाणी लागलं की पसरते. देवाचा काय संबंध यात?" मग आईकडे वळून त्याने विचारलं, "पक्की का नाही भरली? कुणी भरलं हे कार्ट्रिज?"

आता सगळे शरदकडे बघणार, हे वासंतीला दिसलं. दुकानाचा मालक, हयात शाईत गेलेली, त्याने बाटली कशी ओळखली नाही? पुढचा प्रश्न तोच आला असता.

"मी," ती म्हणाली. "मी भरलं. घाईत होते, बाटली बदलली."

शरदने मान तिच्याकडे वळवली. ती त्याच्याकडे बघू शकली नाही.

"तू?" निशांत म्हणाला. "तू कधीपासून कार्ट्रिजं भरायला लागलीस?"

"कवातरी भरते."

शालूबाईने डोळे पुसले. "वैनी, माझी समजूत काढायला सांगू नका. शाईचं निमित्त कुणीबी सांगंल. येवढी अक्षरं कागदावर हायत, नेमकं माझ्या पोराचंच नाव जातंय?"

"बोट तिथंच लावलं म्हणून गेलं," निशांत चिडून म्हणाला आणि वासंतीने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. हा मुलगा बरोबरच बोलत होता, पण बरोबर बोलून बाईचं भ्या जाणार होतं का?

यल्लाप्पांनी मधला मार्ग काढला. "मग दुसरी छापा. आमच्या म्होरं छापा, पक्क्या शाईत. ही परत हळद लावंल. नाव ऱ्हायलं तर तसंच डोंगर चढायचा. पुसलं तर कौल." आणि बायकोला म्हणाले, "ह्यापरीस काय करायचं सांग."

शालूबाईने मान डोलावली.

शरद उठला. "चला," तो म्हणाला. "मी भरतो."

स्टुलाला त्याचा हात लागला, उंबरा त्याने नीट ओलांडला. मागोमाग सगळं घर दुकानात आलं. ते दुकान केवढंसं! एका बाजूला दोन प्रिंटर, मधे टेबल, भिंतीला बाटल्यांचं फडताळ. काउंटरवर एक शिक्षिका प्लास्टिकच्या पिशवीत कार्ट्रिज घेऊन उभी होती. ती कन्नडमधून घाईने काही सांगू लागली. शरदने आवाजावरून तिला ओळखलं आणि तिच्याकडे तोंड करून म्हणाला, "नाळे बर्री, मेडम. मन्याग कार्यक्रम ऐती." घरात कार्यक्रम आहे म्हटल्यावर उद्या यायचं कबूल करून, इतक्या लोकांकडे कुतूहलाने बघत बाई गेल्या. वासंतीला क्षणभर वाटलं, निभावेल. हाही प्रसंग असाच निभावेल.

शरदने धुऊन वाळवलेलं एक रिकामं कार्ट्रिज घेतलं, नवी सिरींज काढली. मग त्याचा हात फडताळाकडे गेला. बोटं एका बाटलीच्या गळ्यावर फिरली. तिथून शेजारच्या बाटलीवर गेली, तिचा गळा चाचपून पुन्हा पहिलीवर आली. वासंतीने पाहिलं. दोन्ही गळे मोकळे होते.

नाडा कुठे गेला? तिची नजर खाली जमिनीवर गेली, टेबलावर गेली आणि मग जयाआक्कांनी दारच्या चौकटीला टेकवलेल्या हातावर थांबली. मनगटात बांगड्यांच्या मागे लाल-पिवळा नाडा होता. परवा आल्या आल्या आक्कांनी दुकानातली जळमटं काढली होती. देवाचा नाडा शाईच्या बाटलीला बघून त्यांनी तो सोडवून घेतला असणार, भक्तिभावाने हातात बांधला असणार. त्यांना काय माहीत? त्यांना सांगितलं होतं कुणी?

आक्कांना बोलण्यात अर्थ नव्हता. वासंती पुढे झाली. "द्या, मी देते बाटली."

"आई, तू थांब," निशांतने तिचा हात धरला. "काल तूच बदललीस ना? आता आप्पांना करू दे. पाव्हण्यांच्या मनात पुन्हा शंका नको."

तिच्याच खोट्याने तिला तिथे खिळवून टाकलं होतं. शरद पाठमोरा उभा होता. त्याच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजलेली तिला दिसत होती. एक बाटली उचलायची, निम्मी आशा निम्मी भीती. चुकली तर ओवीचं लग्न कौलावर जाणार. आणि तो असा जितका वेळ उभा राहील तितकं यल्लाप्पांना कळत जाणार. ते बघतच होते. मघाच्या 'आरती घ्या'पासून त्यांची नजर शरदवरून हलली नव्हती.

शरदने दोन्ही बाटल्या उचलल्या, एकेका हातात एकेक. तो वळला आणि अंदाजाने जरा डावीकडे बघत म्हणाला, "विहीणबाई, कुठं हायसा तुमी?"

"हितं हाय की. म्होरंच."

"ह्या बाटल्यांवरचं वाचून सांगता? मला वाचता येत न्हाय." तो थांबला. "डोळं गेलं माझं. काचबिंदू हाय. काल बाटलीच्या गळ्यातला खुणेचा नाडा हाताला लागंना, तरी हाताला आली ती बाटली घेऊन मीच भरलं कार्ट्रिज आन मीच चुकलो. हिनं माझ्यापायी आपल्या अंगावर घेतलं."

"अहो," वासंती म्हणाली.

मग ओवी म्हणाली, "आप्पा, काल मी साडी नेसून दाखवली तर तुम्ही छान दिसते म्हणालात."

"छानच दिसत असणार की गं."

ओवी रडायला लागली. निशांतचा चेहरा मात्र लाल झाला होता. "म्हणजे कधीपासून? आई, तुला माहीत होतं?"

"गेल्या पावसाळ्यात कळलं. तू दुकान बंद केलं असतंस रं."

"दुकान? दुकानाचं काय घेऊन बसलीस? आजोबांना होतं, आप्पांना आहे. मग माझे डोळे? ओवीचे?" त्याचा आवाज फाटला. "तपासायला तरी सांगायचं होतंस!"

जे प्रश्न व्याह्यांनी विचारू नयेत म्हणून ती वर्षभर कुजबुजली, ते तिच्या मुलानेच सगळ्यांसमोर विचारले होते. यल्लाप्पांनी पटका काढून हातात घेतला. "पाव्हणं, हे सांगायला पायजे होतं. सोयरीक जुळवताना आमी आमच्या थोरल्याचं मरणबी झाकलं न्हाय." आणि ते काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर गेले, जीपपाशी जाऊन उभे राहिले. वासंतीला वाटलं, संपलं. जीपचं दार उघडल्याचा आवाज येतो की काय म्हणून ती कान देऊन राहिली.

शालूबाई मात्र जागची हलली नव्हती.

"ओवीचं तपासलंय?" तिने विचारलं.

"न्हाय," वासंती म्हणाली. आता खोटं बोलायचं बळ नव्हतं. "तपासलं तर तिला कळंल म्हणून न्हाय तपासलं. चुकलं माझं."

"आन असलं तिला, तर काय करत्यात?"

"लवकर कळलं तर थेंबांवर थांबतंय म्हणाले डॉक्टर. ह्यांचं लई उशिरा कळलं."

शालूबाई आपल्या बोटाकडे बघत राहिली. हळद सुकली होती, तिच्या कडेने काळी रेघ धरली होती. "आजार हाय म्हंजे दवाखाना हाय," ती सावकाश म्हणाली. "माझ्या थोरल्याला दवाखान्यात न्यायलाबी काय उरलं न्हवतं." मग तिने पदराने बोट पुसलं. "ओवीला दाखवाय जाताना मलाबी बोलवा. मी येते संगट. पण वैनी, आमच्यापासनं झाकलासा त्याचा राग हाय मला. तो काय लगीच जायाचा न्हाय."

"ऱ्हाऊ दे राग," वासंती म्हणाली. "हक्काचा हाय."

शालूबाई शरदपाशी गेली आणि त्याच्या हातातल्या बाटल्या डोळ्यांजवळ घेऊन बघू लागली. "मी सातवी शिकलीया. इंग्रजी हाय हे. पुरतं न्हाय वाचता येत."

"दोन्हींवर 'ब्लॅक' असा शब्द हाय, त्याच्या खालच्या वळीचं पहिलं अक्षर सांगा."

"ह्याच्यावर... डी. आन ह्याच्यावर पी."

"पी ची द्या. पी म्हंजे पिगमेंट, तीच पक्की."

तिने बाटली त्याच्या हातात ठेवली. जयाआक्का एकदम पुढे आल्या. मनगटातल्या नाड्याची गाठ त्या दातांनी सोडवत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. "देवाचा नाडा बाटलीला बगून मला कसंतरीच झालं रं, शरद. मीच काढला. मला कुणी सांगितलं न्हाय तर मला कळणार कसं?" शेवटचं वाक्य त्या वासंतीकडे बघून म्हणाल्या. या वेळीही दोष त्यांनी पूर्ण आपल्याकडे ठेवला नव्हता, तरी शरदच्या हातातल्या बाटलीला नाडा मात्र त्यांनीच बांधला, आणि तो सुटू नये म्हणून दुहेरी गाठ मारली.

शरद खुर्चीवर बसला. सिरींज भरली, भोकावर बोट ठेवून सुई सोडली, मान किंचित वाकडी करून सावकाश दट्ट्या दाबत राहिला. निशांत आजवर या कामाकडे पाठ करून उभा राहायचा. आज तो बापाच्या हाताकडे बघत होता. कार्ट्रिज टिश्यूवर टेकवलं तेव्हा काळा ठसा उमटला. "आला का अख्खा?" शरदने विचारलं. नेहमी हे वासंती त्याच्या कानात सांगायची. ती तोंड उघडणार, इतक्यात निशांत म्हणाला, "एका कडेला जरा फिका आहे, आप्पा. अजून एकदा टेकवा." शरदने टेकवलं. निशांतने कार्ट्रिज घेऊन प्रिंटरमध्ये बसवलं.

प्रिंटर घुरघुरला. पत्रिका सरकत बाहेर आली. ती वाळू देईपर्यंत कुणी बसलं नाही, पाणी मागितलं नाही. बाहेर यल्लाप्पा तंबाखू मळायचे थांबून काउंटरच्या फळीशी येऊन उभे राहिले होते. ओवीने हळदीची वाटी आणली.

शालूबाईचं बोट हळदीत बुडालं आणि तिथेच थांबलं. "भ्या वाटतंय मला," ती म्हणाली.

"मलाबी," वासंती म्हणाली आणि तिने शालूबाईचा दुसरा हात आपल्या हातात घेतला. तो गार पडला होता.

बोट नावावर टेकलं. उचललं. ओली हळद कागदावर चमकली आणि तिच्याखालून 'चि. सौरव' दिसू लागलं, काना, मात्रा, वेलांटीसकट. शालूबाईने पुन्हा एकदा त्यावरून बोट फिरवलं, या वेळी जोर देऊन, चिडल्यासारखं. अक्षर हललं नाही. तिने शेजारच्या ओवीच्या नावालाही हळद लावली आणि मग तिथल्या तिथे टेबलाला धरून ती रडू लागली. आवाज न करता, खांदे हलवून. यल्लाप्पांनी पटका डोक्यावर ठेवला. "सौरवला फोन लाव," ते निशांतला म्हणाले. "म्हणावं, निघतोय."

शरद तोंड वर करून बसला होता. कुणी काय केलं, कुणाच्या तोंडावर काय आहे, त्याला काही कळत नव्हतं. त्याची बोटं टेबलाची कड चाचपत होती.

"ऱ्हायलं का गं?" त्याने हळूच विचारलं.

वासंती सवयीने त्याच्या कानाशी वाकली. मग सरळ उभी राहिली.

"ऱ्हायलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "दोन्ही नावं ऱ्हायली. उठा आता, आरती करायची हाय. जपून या, डाव्या हाताला स्टूल हाय, त्याच्यापुढं उंबरा."